पान मोकळं ठेवा, टेम्पो येतोय

हां! हार घालून झाला, बुक्का लावून झाला, मागच्या दोन रांगांचे शेंगदाणेही आता संपत आलेत. तर मंडळी, आख्यानाला लागू या. पण आधी एक प्रश्न! सोपा आहे, घाबरू नका. दामले, तुम्ही पेटी सोडून पळू नका!

दारात पाहुणा उभा आहे. उन्हातून आलाय, घामाघूम झालाय. त्याला आधी काय द्यायचं? बसायला पाट, की आपली ओळख?

पाट! शाबास! सगळे 'पाट' म्हणालात. समोरच्या आजी तर 'पाट आणि पाणी' म्हणाल्या, त्यांना दोन मार्क जास्त. तोंडी परीक्षेत आपण सगळे पहिले हो! प्रॅक्टिकलला बसलो की गाडी अडते. पाहुणा दारात तिष्ठतोय आणि आम्ही त्याला भिंत दाखवतोय! हे आमचे आजोबा, हा आमचा धाकटा, कॅनडाला असतो, हा आमचा नवा फ्रिज... अरे, त्याला बसू दे ना आधी!

आज याच पाटाची गोष्ट सांगणार आहे. पुराणातली नाही हं, पोथीत शोधू नका. ही गोष्ट आहे एका वेबसाइटची! — हसताय काय? देवळात वेबसाइट चालत नाही? मग खांबाआड बसून मघापासून अंगठ्याने वर-खाली चाललंय ते काय, जपमाळ ओढताय? असू दे. ठेवा बाजूला आणि ऐका.

हिवरपूर नावाचं गाव. पूल ओलांडला की डाव्या हाताला धारपांचं मंगल कार्यालय. वामनराव धारपांनी बांधलेलं. मधे एवढा मोठा हॉल की दीडशे पानांची पंगत बसावी आणि तरी वाढणाऱ्या बायकांना पदर खोचून पळता यावं. वामनरावांना दोन मुलगे. थोरले मुकुंदराव, कोल्हापूरला गणिताचे मास्तर. धाकटे पुरुषोत्तमराव, त्यांना सगळं गाव पुरुभाऊ म्हणतं. कार्यालय सांभाळायचे पुरुभाऊ. माणूस सोन्यासारखा! कुणाच्याही लग्नात स्वतः झाडू मारेल, नवरदेवाचा बूट हरवला तर स्वतःचा काढून देईल. एकच खोड. तोंडातून एक शब्द निघायचा नाही. कुठला? 'चुकलं!'

आणि त्या एका शब्दावाचून घरात काय झालं, ऐका!

अकरा वर्षांपूर्वी पुरुभाऊंच्या मुलीचं लग्न. पत्रिका छापायला दिली गावातल्या अच्युतराव मुळ्यांना. अच्युतरावांचा छापखाना म्हणजे पंचक्रोशीचा मानबिंदू! पत्रिकेत काय घालायचं? सगळं! वर गणपती, मग कुलदैवत, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग आजोळ, मग मामा, मावश्या, काका, काकांचे साडू, साडूंचे व्याही. आता मला सांगा, मुलीच्या बापाचा थोरला भाऊ, त्याचं नाव कुठे हवं? सगळ्यांत वर! अच्युतरावांनाही ते ठाऊक होतं. म्हणून ते म्हणाले, मुकुंदरावांचं नाव सोनेरी अक्षरात घालू, शेवटी निवांत करू. शेवटी बघतात तर — जागा संपली!

मग घातलं जिथे जागा मिळाली तिथे. कुठे? पत्रिकेच्या तळाला एक ओळ असते, 'वाहनाची सोय'. तिच्यापुढे जागा रिकामी होती. छापून आलं — 'वाहनाची सोय : मुकुंद वामन धारप', आणि पुढे फोन नंबर!

चौदा जणांनी फोन केला हो त्यांना! 'टेम्पो किती वाजता सुटतो?' 'चौकात थांबेल का?' 'आमच्या म्हातारीला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवाल का?' मास्तर माणूस तो! ज्याने तीस वर्षं पोरांना काळ-काम-वेग शिकवलं, त्यालाच लोक वेग विचारायला लागले! तरी बिचारे लग्नाला आले. जेवायला बसले, खांबाजवळच्या पहिल्या पानावर. द्वारकाकाकूंनी वाढलं. द्वारकाकाकू म्हणजे कार्यालयात चाळीस वर्षं पंगत सांभाळणारी बाई, तिचा शब्द म्हणजे तोफ. वाढून झालं, मुकुंदराव हातात पाणी घेणार, इतक्यात मांडवाच्या दारातून एक पाहुणा ओरडला, 'ते टेम्पोवाले धारप कोण?'

उठले हो! भरल्या पानावरून उठले आणि तडक कोल्हापूर! पुरुभाऊंनी मागे धावून काय म्हणावं? 'चुकलं, दादा'? छे! ते म्हणाले, 'छापखान्याची चूक, त्याला मी काय करू!'

झालं. अकरा वर्षं बोलणं बंद. आणि मुकुंदरावांना एक सवय लागली. अनोळखी नंबर दिसला की 'हॅलो' नाही, 'नमस्कार' नाही. फोन कानाला लावायचा आणि ओरडायचं, 'टेम्पो नाही!' एकदा खुद्द शिक्षणाधिकाऱ्यांनी फोन केला. त्यांनाही हेच उत्तर!

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर एका सोमवारी सकाळी पुरुभाऊंचा फोन वाजला.

"काका, मी मृण्मयी."

मुकुंदरावांची लेक! पुरुभाऊ खुर्चीवरून उठून उभेच राहिले. शेवटचं पाहिलं तेव्हा ती परकर-पोलक्यात जिलब्या पळवत होती.

"काका, माझं लग्न ठरलंय. बेळगावच्या हेरेकरांकडे. आणि मला आजोबांच्या कार्यालयातच लग्न करायचंय."

"मग कर की गं! कार्यालय तुझंच आहे. पण दादा?"

"बाबा म्हणतात, त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. पण एक वाट आहे. रविवारी अकराला हेरेकर आमच्याकडे येतायत. सासरे म्हणालेत, तीन कार्यालयं मोबाइलवर बघू आणि त्यातलं एक ठरवू. मी तुमचं नाव तिसरं घातलंय. त्यांनी पसंत केलं की झालं!"

बरोबर आहे की नाही? मुलाकडच्यांनी पसंत केल्यावर मुलीचा बाप काय बोलणार? आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या वर एक कोर्ट आहे, मुलाकडचे!

"काका, तुमची वेबसाइट आहे ना?"

"आहे! म्हणजे... रविवारपर्यंत असेल!"

फोन ठेवला. अकरा वर्षांनी दादाचा पाय उंबऱ्याला लागायची संधी, आणि ती अडकली कशात? वेबसाइटमध्ये! धावत सुटले. कुठे गेले? ओळखा!

अच्युतराव मुळ्ये! हो, तेच! अहो, आता पत्रिका छापतं कोण? सगळं मोबाइलवर. म्हणून अच्युतरावांनी दुकानाची पाटी रंगवून घेतली होती — 'पत्रिका, पावतीपुस्तके, वेबसाइट'. तीन महिन्यांचा क्लासही केला होता तालुक्याला. कॉम्प्युटर शिकले हो, पण हात कुणाचा? पत्रिकेचा!

पुरुभाऊ म्हणाले, "अच्युतराव, गेल्या वेळी एक नाव खाली गेलं. या वेळी एकही नाव सुटता कामा नये. आणि दादाचं नाव सगळ्यांत वर! लाल! मोठं! लुकलुकणारं!"

बघा मंडळी, चूक नेमकी कळली नाही की माणूस ती दुरुस्त करायला जातो आणि दुप्पट करून ठेवतो.

तीन दिवसांत वेबसाइट तयार. काय वर्णावी! उघडली की आधी सनई. आपोआप! मोबाइलचा आवाज बारीक असो, मोठा असो, सनई जी सुटायची ती थेट तारसप्तकात. मग वरून अक्षता पडायच्या. खऱ्याखुऱ्या दिसायच्या, पिवळ्या, टपटप टपटप, आणि जे काही वाचायचं ते सगळं झाकून टाकायच्या. अक्षतांतून डोकं वर काढलं तर पाच रंग! हिरव्यावर लाल, लालवर जांभळा, जांभळ्यावर पोपटी आणि पोपटीवर पिवळी अक्षरं. अक्षरं तरी कशी? प्रत्येकाला शेपूट, प्रत्येकाला वेलांटीवर आणखी एक वेलांटी. मग नावं. त्रेसष्ट! 'आपले विनीत', 'आपले स्नेहांकित', 'विशेष आग्रह', आणि तळाशी लहान मुलांचं — 'आमच्या काकांच्या वेबसाइटला यायचं हं!' अहो, शेवटी एक टीप होती, 'कृपया आहेर आणू नये'! वेबसाइटवर कोण आहेर आणणार?

बारा फोटो होते. नऊ फोटोंत स्वतः पुरुभाऊ, फेटा बांधून. हॉलचा फोटो? नाही! पत्ता? होता, अक्षतांखाली. फोन नंबर? — मंडळी, फोन नंबर घालायलाच विसरले!

पुरुभाऊंचा मात्र ऊर भरून आला. त्यांना त्या सगळ्या रंगांत एकच गोष्ट दिसत होती. दादाचं नाव, सगळ्यांत वर. त्यांनी मृण्मयीला ती पाठवली.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. पुरुभाऊ हॉलमध्ये पाट मोजत होते, फोन स्पीकरवर. शेजारी द्वारकाकाकू केळीची पानं पुसत बसल्या होत्या. आता नीट ऐका हं, इथे गंमत आहे!

मृण्मयी म्हणाली, "काका, रागावू नका, पण तुमचं पान फार भरलंय हो!"

काकूंचा हात थांबला. "कुणाचं पान भरलंय?"

"मोकळी जागाच नाही कुठे. सगळं एकमेकांत मिसळलंय!"

"मिसळलंय?" काकू ताडकन उठल्या. "अगं, चाळीस वर्षं झाली, माझ्या पानात कोशिंबिरीचं पाणी जिलबीला लागलेलं नाही!"

"आणि यायला केवढा वेळ लागतो! मी आपली बसून राहिले, काही येईचना. शेवटी कंटाळून उठले."

"उठलीस? पानावरून उठलीस?" काकूंनी कपाळावर हात मारला. "बापाचीच लेक!"

"काकू, अहो ती वेबसाइटच्या पानाबद्दल बोलत्ये!" पुरुभाऊ म्हणाले.

मंडळी, आपली भाषा बघा काय लबाड आहे! पुस्तकाचं ते पान, झाडाचं ते पान, जेवणाचं ते पान, विड्याचं ते पान, आणि आता वेबसाइटचंही पानच! चार इंग्रजी शब्द एकीकडे आणि आपलं एक पान एकीकडे. त्या पानावरच आज आपली पंगत बसणार आहे.

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "बघू ते तुझं पान." चष्मा लावला. मोबाइल हातात घेतला. सनई सुटली! मोबाइल हातातून उडाला तो थेट पानांच्या ढिगात. परत घेतला. अक्षता पडायला लागल्या. काकूंनी पदराने मोबाइल पुसला. पुन्हा अक्षता. पुन्हा पुसला. मग वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं, आणि चष्मा काढून म्हणाल्या —

"पुरू, हे वाढलेलं पान नव्हे रे. हे खरकटं!"

"काकू!"

"बोलव त्या मुळ्याला. आत्ताच्या आत्ता."

अच्युतराव आले. काकूंनी हॉलमध्ये दोन पाट मांडले. खांबाजवळ! पुढे एक कोरं केळीचं पान, धुऊन पुसून लखलखीत. दोघांना बसवलं. अच्युतरावांनी बाह्या सरसावल्या, त्यांना वाटलं जेवण आहे! काही माणसांचं असंच असतं. कीर्तनात सुद्धा 'प्रसाद' शब्द आला की जागे होतात. — दामले, तुम्हाला नाही म्हटलं!

काकूंनी पानाच्या वरच्या बाजूला मधोमध चिमूटभर मीठ ठेवलं.

"हे काय?"

"मीठ," दोघे म्हणाले.

"मिठावाचून जेवण अळणी. एवढं महत्त्वाचं, मग मूठभर का नाही वाढलं? मुळ्या, तुझा तो लाल रंग म्हणजे मीठ आहे. चिमूटभर, एका जागी. तू भातात लाल, वरणात लाल, जिलबीत लाल! माणूस जेवेल की ओकेल?"

डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मधे भाताची मूद. सरसर सरसर!

"आता डोळे मीट आणि सांग, लिंबू कुठाय?"

"डावीकडे."

"का सांगता आलं? हिवरपुरात डावीकडे, बेळगावात डावीकडे. जेवणाऱ्याला शोधावं लागत नाही. आणि तुझ्या पानात पत्ता कुठाय? मला सांग, डोळे उघडे ठेवून सांग!"

अच्युतराव अक्षतांखाली शोधायला लागले.

"राहू दे. आता हे बघ, भाताच्या आसपास मी एवढं मोकळं सोडलंय. का?"

"जिलबी यायची आहे म्हणून!" अच्युतराव आशेने म्हणाले.

"जेवणाऱ्याची बोटं फिरायला! ती जागा माझी नव्हे, त्याची आहे. मी तिथे एक चटणी घुसवली तरी तो गुदमरतो. आणि पंगतीत आम्ही सगळं एकदम आणतो का रे? बारा फोटो एकदम लोटलेस, म्हणून ती पोर ताटकळली. एक फोटो ठेव. चांगला. बसायची जागा दिसेल असा. आणि ही सनई! पाहुणा अजून पाटावर टेकला नाही, तोच त्याच्या कानात सनई फुंकतोस? त्याला हवी असेल तर तो म्हणेल, वाजवा."

"आणि अक्षर?" पुरुभाऊंनी भीत भीत विचारलं.

"ते अक्षर होय? मला वाटलं शेवया सांडल्यात!"

मंडळी, मोठमोठ्या शहरांत मोठमोठी माणसं काचेच्या खोल्यांत बसून हेच शिकवतात म्हणे. रंग थोडे. अक्षर साधं. जागा मोकळी. महत्त्वाचं ते हाताशी. काकू काही शिकल्या नव्हत्या, त्यांनी फक्त चाळीस वर्षं जेवणाऱ्याच्या हाताकडे बघितलं होतं!

मग काढाकाढी सुरू झाली. अक्षता गेल्या. सनई गेली. पुरुभाऊंचे नऊ फेटे गेले, ते मात्र त्यांना जरा लागलं. आठवा फोटो म्हणे खरंच चांगला आला होता! नावं काढायला लागले तर गावात बातमी फुटली. मेहुणे आले, "माझं नाव ठेवा, हवं तर लहान ठेवा." पुरुभाऊंच्या बहिणीचा फोन आला, "मी काय मेले का?" काकूंनी एकच प्रश्न विचारला, "चाळीस वर्षं वाढत्ये मी. कुठल्या पानावर कोपऱ्यात लिहिलंय, 'वाढणार : द्वारकाबाई'?" मेहुणे चपला घालून निघाले. बहिणीने फोन ठेवला.

बासष्ट नावं गेली. राहिलं एक. सगळ्यांत वरचं. लाल, लुकलुकणारं.

अच्युतरावांनी बोट उचललं आणि पुरुभाऊंनी त्यांचा हात धरला.

"हे नाही! अच्युतराव, एकदा हे नाव खाली गेलं त्याची अकरा वर्षं भोगतोय. आता काढलंच, तर दादा जन्मात तोंड बघणार नाही माझं!"

काकू जवळ आल्या. आवाज उतरला होता त्यांचा. "पुरू, एक विचारू? मघाशी मी तीनदा बघितलं. मला हे नाव दिसलंच नाही."

"सगळ्यांत वर तर आहे!"

"वर असेल. पण सगळंच ओरडतंय, त्यात ते कुठलं ओरडतंय? अरे, कुणाची माफी मागायची तर ती त्रेसष्ट माणसांच्या गर्दीत, सनई लावून मागतात होय? त्या दिवशी त्याचं पान मी वाढलं होतं. तो उठून गेला, ते भरलेलं पान मी उचललं. तू साधं 'चुकलं' म्हणाला असतास ना, तर तो बसला असता रे."

पुरुभाऊ त्या वाढलेल्या पानाकडे बघत राहिले. डोळ्यांतून टपकन एक थेंब भातावर पडला.

"काकू," ते म्हणाले, "चुकलं माझं."

निघाला हो शब्द! अकरा वर्षांनी!

"मला काय सांगतोस?" काकू म्हणाल्या. "मी काय टेम्पोवाली आहे?"

पुरुभाऊंनी नाक पुसलं, अच्युतरावांच्या कानाशी गेले आणि हळूच काहीतरी सांगितलं. काय सांगितलं? सांगतो! एवढी घाई असेल तर शेवटच्या पानावर बघून घ्या. नाही ना बघता येत? हेच तर कीर्तनाचं बरं असतं!

रविवार उजाडला. अकरा वाजले. पुरुभाऊ हॉलमध्ये येरझाऱ्या घालतायत. सव्वाअकरा. काकूंनी चहा दिला, तो तसाच गार झाला. साडेअकरा. फोन गप्प. पुरुभाऊंच्या मनात आलं, दादाने बघितलं असेल आणि चिडून मोबाइलच फोडला असेल.

आणि तिकडे कोल्हापुरात काय चाललं होतं? मृण्मयीनेच पुढे सांगितलं, तसं सांगतो. हेरेकर आले. शांत माणूस, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मोबाइल हात लांब करून बघायचे. पहिलं कार्यालय लावलं. गोल फिरतंय... फिरतंय... "अहो, हे उघडेपर्यंत नातवंडं होतील," म्हणाले. दुसरं लावलं. त्यात एक बाई टुणकन पुढे आली, 'मी आपली काय मदत करू?' नको म्हटलं तर पुन्हा आली. पाचदा आली! हेरेकर म्हणाले, "ही लग्नातसुद्धा अशीच मधेमधे येणार."

तिसरं लावलं. लावलं की उघडलं!

एक फोटो. सकाळच्या उजेडातला हॉल. पाटांची रांग, प्रत्येक पाटापुढे पान, पानाभोवती रांगोळी. खाली मोठ्या काळ्या अक्षरांत एक ओळ, 'या, बसा.' पत्ता. आणि तळाशी अंगठ्याच्या बरोब्बर खाली एक लाल बटण — 'फोन करा'. बस!

"वा!" हेरेकर म्हणाले. "फार छान आहे. यात काही नाहीच!" आणि त्यांनी बटण दाबलं.

मुकुंदराव पाहुण्यांच्या पोह्यांवर खोबरं घालत होते. त्यांच्या खिशातला फोन वाजला. बघितलं, अनोळखी नंबर; व्याह्यांचा नंबर अजून फोनमध्ये घातलाच नव्हता! कानाला लावला आणि —

काय म्हणाले? सांगा! मोठ्याने!

"टेम्पो नाही!!"

हेरेकर दचकले. तीन हातांवर बसलेले व्याही, आणि आवाज एका कानात मोबाइलमधून, दुसऱ्या कानात समोरून! ते मोबाइलमध्ये म्हणाले, "टेम्पो नको हो, कार्यालय हवंय!"

मुकुंदरावांनाही दोन्ही कानांनी ऐकू आलं. चमचा हातात तसाच राहिला.

हेरेकरांनी मोबाइल आणखी लांब धरला. "इथे बटणाखाली बारीक अक्षरांत लिहिलंय बघा, 'चौकशी : मुकुंद वामन धारप, घरातले थोरले.' अहो, हे तुम्हीच की!"

मंडळी, एवढ्या मोठ्या पानावर एकच नाव! लाल नाही, सोनेरी नाही, लुकलुकणारं तर नाहीच. बारीक होतं, पण एकटं होतं. म्हणून दिसलं.

मुकुंदरावांनी मोबाइल हातात घेतला. नाव वाचलं. मग फोटो बघितला. खांबाजवळचं पहिलं पान. पाट मांडलेला, रांगोळी घातलेली, सगळ्या रांगेत तेवढंच एक पान वाढलेलं. आणि पाट रिकामा. गणिताचे मास्तर ते! अकरा वर्षांचा हिशोब त्यांना एका नजरेत कळला.

"तुमचं कार्यालय आहे?" हेरेकरांनी विचारलं. "बोलला नाहीत ते!"

मुकुंदरावांनी मोबाइल परत दिला. "हो," म्हणाले. "आमचंच. माझ्या वडिलांनी बांधलंय. एका वेळी दीडशे पानं बसतात."

पावणेबाराला हिवरपूरचा फोन वाजला. पुरुभाऊंनी झडप घातली. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास. पण तो श्वास ओळखला हो त्यांनी!

"दादा," ते म्हणाले, "चुकलं माझं."

"वाचलं मी ते." मग जरा थांबून, "पुऱ्या, वाहनाची सोय आहे का?"

"कुणासाठी, दादा?"

"माझ्यासाठी रे गाढवा! टेम्पो किती वाजता सुटतो?"

मंडळी, पुरुभाऊ हसायला लागले ते रडायलाच लागले, आणि काकू पानं पुसायच्या फडक्याने डोळे पुसायला लागल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी पुरुभाऊ स्वतः गेले कोल्हापूरला. गाडी घेऊन? छे! टेम्पो घेऊन! पुढे केळीचे खुंट बांधलेले, झेंडूच्या माळा सोडलेल्या. ड्रायव्हरशेजारी बसवून आणलं दादाला. दुसऱ्या दिवशी खांबाजवळच्या पहिल्या पानावर मुकुंदराव बसले. काकूंनी वाढलं, मीठ चिमूटभर. आणि काकू तिथेच उभ्या राहिल्या, पान पुरतं संपेपर्यंत हलल्या नाहीत.

हे झालं त्यांचं. आता तुमचं बघू!

हसलात ना? आता बाहेर जाताना वेशीवरचा उत्सवाचा फ्लेक्स बघा. एकेचाळीस चेहरे आहेत, मी मोजले! कार्याध्यक्ष आहेत, उपाध्यक्ष आहेत, प्रेरणास्थान आहेत, प्रेरणास्थानांचे बंधू आहेत. कीर्तन किती वाजता? ते नाही! मी सभामंडपात पोहोचलो तो भजी तळल्याच्या वासावर! — आणि खरं सांगू? मी तरी वेगळा कुठे आहे? त्या फ्लेक्सवर फेटा बांधून माझाही फोटो आहे. गाडीतून उतरल्यावर मी देवळाचा कळस शोधला नाही. आधी माझा फोटो शोधला. कोपऱ्यात सापडला, त्यावर एका उपाध्यक्षांचा कान आलाय.

म्हणून म्हणतो, वेबसाइट करा, फ्लेक्स लावा, दुकानाची पाटी रंगवा, पण येणाऱ्याच्या जागेवर बसून एकदा बघा. त्याला आधी काय हवंय? आपण कोण ते, की पाट कुठे ते? आणि हे दुसरं पान आहे ना, इथलं, छातीच्या आतलं, ते तर किती भरलंय! मी, माझं, माझा मान, माझं नाव कुठे छापलं... आणि त्या गर्दीत एखादं नाव आहे, ज्याच्याशी बोलून वर्षं झाली. दिसतच नाही ते. त्याच्याच दोन ओळी माझ्या पदरच्या म्हणतो, दामले, सूर द्या —

पान मोकळे, मन मोकळे, मोकळी ठेवा जागा,
नाव आपुले पुसुनी आधी पाट मांडू लागा!

आता आरतीला उभे राहा, पण शेजारच्याला जागा देऊन. आणि घरी गेलात की बाकीची सगळी नावं पुसून ते एक नाव ठेवा, बारीक अक्षरात. बटण दाबा. पलीकडून 'टेम्पो नाही!' असं ऐकू आलं, तरी फोन ठेवू नका.